मिठाची आण

गुप्त हा शब्द आमच्या गावात दोनच ठिकाणी ऐकायला मिळायचा. एक म्हणजे गुप्तधन. कोणाच्या तरी वावरात मोहरांचा हंडा आहे आणि त्यावर नाग बसलाय, अशी बोंब दर दोन-चार वर्षांनी उठायची. मग चार रिकामटेकडे कुदळी घेऊन कोणाचा तरी धुरा-बांध खणून यायचे. दुसरं म्हणजे गुप्तरोग. तो दिग्रसच्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून दिसायचा, भिंतीवर, हातभर अक्षरांत, खात्रीशीर इलाजासकट. लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा बारावी पास असल्याचा तोरा मिरवत मी एसटीतून सगळ्या पाट्या मोठ्याने वाचायची. ही पाटी वाचली आणि शेजारी बसलेल्या सासूने मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस काळंनिळं होतं.

म्हणून तालुक्याहून आलेले साहेब शाळेच्या ओट्यावर उभे राहून "बायांनो, हे गुप्त मतदान आहे" असं म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदरात तोंड घालून खुसुखुसू हसायला लागल्या. साहेबांना वाटलं, आपल्या बोलण्यात काही चुकलं. बिचाऱ्यांनी शर्टाची गुंडीसुद्धा तपासली.

मतदान होतं देशी दारूच्या दुकानाचं, आणि तेही फक्त बायांचं. गावातल्या बायांनी सह्या-अंगठे करून दुकान बंद करा म्हणून अर्ज दिला होता. साहेबांनी नियम समजावून सांगितला. कागदावर दोन चित्रं असतील, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहू द्यायचं असेल तर उभीवर शिक्का मारायचा, बंद करायचं असेल तर आडवीवर. गावात जेवढ्या मतदार बाया आहेत त्यांच्या अर्ध्याहून जास्त आडवीच्या बाजूने पाहिजेत. जी घरीच बसेल तिचं वजन आपोआप दुकानाच्याच पारड्यात. "आणि कोणी कशावर शिक्का मारला हे कोणालाही कळणार नाही," साहेब म्हणाले, "नवऱ्यालाही नाही."

तेव्हा मात्र हसणं थांबलं.

नवऱ्यालाही कळणार नाही अशी एकही गोष्ट तोवर माझ्याकडे नव्हती. माझी लग्नातली पेटी आहे, तिचं कुलूप पहिल्याच वर्षी हरवलं आणि नवीन कोणी आणलं नाही. माहेर बोरी अरबचं, तिथून फोन आला की स्पीकरवर लावायचा, ही घरातली रीत. मी काय खाल्लं, किती वेळ न्हाणीत होते, कोणाशी हसले, सगळं सगळ्यांना ठाऊक. आणि त्याच घरात एक गोष्ट अशी होती की ती गल्लीभर ठाऊक असून कोणालाच ठाऊक नव्हती.

ती गोष्ट म्हणजे माझी जाऊ मार खायची.

माझा धाकटा दीर त्या दारूच्या दुकानात काउंटरवर बसायचा. मालक तालुक्याला राहायचा, इथलं सगळं दीराच्या हातात. दिवसभर लोकांना पाजायची आणि शेवटी स्वतः प्यायची. घरी आला की भाजीत मीठ कमी, पाणी गरम नाही, काहीही कारण पुरायचं. आणि तो सुरू झाला की आमच्या घरात एक ठरलेलं काम चालायचं. सासू उठायची, रस्त्याकडचं दार लोटायची, कडी घालायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. माझा नवरा वावरात राबणारा सरळ माणूस, दारूच्या थेंबाला शिवत नाही, पण तोही खाली मान घालून जेवत राहायचा. मी उठायला लागले की म्हणायचा, "गुपचूप बस. मधात नको पडू." आणि मी बसायची. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण लिहिणार आहे. मी बसायची.

एवढंच असतं तर मी स्वतःला एखादवेळी माफ केलं असतं. पण एकदा जावेची भुवई फाटली. रक्त थांबेना म्हणून मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. निघताना सासूने मला दारात धरलं आणि म्हणाली, "म्हशीनं शिंग मारलं म्हणून सांगजो." नर्सबाईंनी टाका घालता घालता विचारलं, काय झालं. जाऊ माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "म्हशीनं शिंग मारलं." नर्सबाईंनी विचारलं, "म्हैस आहे घरी?" मी म्हटलं, "आहे ना." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि कागदावर तसं लिहिलं.

आमच्या घरी म्हैस नव्हती. दोन बकऱ्या होत्या.

परतताना ऑटोत जाऊ माझ्या शेजारी बसली होती. मला वाटलं होतं ती रडेल, निदान मला शिव्या तरी देईल. तिने फक्त डोक्यावरचा पदर भुवईपर्यंत ओढून घेतला. घरातली गोष्ट घरात ठेवायची म्हणतात ती अशी. कोणाचं घर, आणि कोणाच्या कपाळावर ठेवायची, ते कोणी विचारत नाही.

तर आता मतदान आलं आणि दीर पिसाळला. मालकाला तो छाती ठोकून सांगून आला होता की माझ्या घरातली तीन मतं उभीलाच पडतील. सासू, मी आणि जाऊ. सकाळी चहा पिता पिता त्याने आम्हा तिघींना उभं केलं. "तिघीजणी उभीवर मारा. अन् मारून आल्यावर मी लेकराच्या डोक्यावर हात ठिवून विचारीन. मंग पाह्यतो कोण खोटं बोलते."

इथेच सगळी गोम होती. गुप्त मतदान कागदावर गुप्त. आमच्याकडे पोराच्या डोक्यावर हात ठेवून कोणती आई खोटं बोलते? मतदानाच्या जागी पुठ्ठ्याचा आडोसा करून सरकार आम्हाला झाकणार होतं, पण शपथेने बायांचा आडोसा घरातच उडून जात होता. आणि ही अक्कल एकट्या माझ्या दीराची नव्हती. दोन दिवसांत घरोघर हेच सुरू झालं. कोणी कुळदैवताची आण घालतो, कोणी कुंकवाची. बायांचे चेहरे उतरले. शेजारीण मला म्हणाली, "जाऊ दे वो, मी जातच नाई. नाई गेली त मारनार त नाई ना." मला तिचा असा राग आला! न जाणं म्हणजे दुकानालाच मत, हे साहेबांनी इतकं घसा फोडून सांगितलं होतं. पण राग काढू कोणावर, तीही माझ्यासारखीच.

संक्रांत होऊन गेली होती, पण हळदीकुंकवाचे दिवस अजून चालू होते. हळदीकुंकू ही एकच जागा अशी की जिथे पुरुष स्वतःहून पाय ठेवत नाहीत. मी दुपारी आमच्याच घरी हळदीकुंकू ठेवलं. सासूने अडवलं नाही. अंगण भरलं, बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया आल्या, मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची बायको आली, ती मुसलमान, पण वाणाला दरवर्षी येते आणि आम्ही तिच्याकडे शिरखुर्म्याला जातो. तिळगूळ वाटून झाल्यावर मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन बाटल्या काढल्या, एक उभी, एक आडवी, आणि शिक्का म्हणून टिकल्यांचं पाकीट पुढे केलं. म्हटलं, सरावासाठी एकेकीने लावून दाखवा.

पहिली म्हातारी आली आणि तिने टिकली खचकन उभ्या बाटलीवर लावली. दुसरीने तेच केलं. तिसरीनेही. मी चौथीचा हात धरला.

"अवं माय, काय करून राह्यल्या तुम्ही? दुकान बंद करायचं हाय ना?"

"मंग!" म्हातारी माझ्यावरच डाफरली. "जिचं टाळकं फोडायचं तिच्यावरच त मारीन का नाई शिक्का? हे आडवी बिचारी पडूनच हाय, तिले कायले मारू?"

अंगणात असा हशा पिकला की बकऱ्या दावं ओढायला लागल्या. मलाही हसू आवरेना, पण हे हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. एवढ्या सह्या, एवढी धावपळ, आणि या बाया रागाच्या भरात दुकानालाच मत देऊन येणार होत्या. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. शिक्का म्हणजे मार नाही, शिक्का म्हणजे हे मला पाहिजे. तुला बाटली कशी पाहिजे? पडलेली पाहिजे ना? मग पडलेलीवर लाव. हळूहळू टिकल्या आडवीकडे सरकल्या.

शेवटी माझी सासू उठली. पाकिटातली मोठी टिकली निवडून काढली आणि उभ्या बाटलीवर लावून अंगठ्याने दाबली.

"आई, तिकडं नाई, आडवीवर," मी म्हटलं.

"समजलं मले," ती म्हणाली आणि जाग्यावर जाऊन बसली.

टिकली तशीच राहिली. समजलं म्हणजे काय समजलं? चूक केली, की सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं की मी माझ्या लेकाच्या बाजूची आहे? तिचा चेहरा वाचायला मी बारावी काय, पंधरावी शिकले असते तरी उपयोग नव्हता. इतकी वर्षं ज्या बाईने दार लोटलं ती उभीवरच मारणार, असं मी त्या क्षणी मनात पक्कं केलं आणि तिच्या वाट्याचा तिळगूळसुद्धा मला डाचायला लागला.

मग शपथेचा विषय निघाला. कोणी म्हणालं, आपणही शपथ घेऊ, आडवीलाच मत देऊ म्हणून. हळदीच्या वाटीवर हात ठेवायला दोघी-तिघी पुढे झाल्यासुद्धा. तेवढ्यात सासू म्हणाली, "नाई. कोनं काय मारायचं ते नोका सांगू कोनाले. घ्यायची त एकच आन घ्या, का सांगनार नाई. नवऱ्याले नाई, लेकाले नाई, एकमेकीले बी नाई."

मला वाटलं, वा! स्वतःचं मत झाकायची बरी सोय केलीस. मी तोंड उघडणार, तोच तांड्यावरची एक बाई म्हणाली, "बराबर बोलते बुढी. आधीच आन घेतली असन त दुसरी आन कशी घेता येईन? पह्यली मोडते ना." एकदम सगळ्या बोलायला लागल्या. गाठ सुटली होती. नवरा म्हणेल, पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांग. आपण म्हणायचं, सांगणार नाही अशी आण आधीच खाल्ली आहे, मोडली तर याच पोराला लागेल, तूच बोल आता. खोटं बोलायची गरजच नाही!

मिस्त्रीची बायको भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "हल्दी पे तुम लो, लेकिन मेरेको तो नमक दो. नमक सबके घर का रहता." ते सगळ्यांना पटलं. मी आतून परातीत मीठ आणलं. प्रत्येकीने चिमूटभर उचललं, जिभेवर ठेवलं आणि म्हटलं, सांगणार नाही. जाऊ माझ्या शेजारी होती. तिने चिमूट उचलली आणि तिचा आवाज खणखणीत निघाला. तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मतदानाच्या दिवशी शाळेत गेले. पुठ्ठ्याच्या आडोशात मी आणि तो कागद, बाकी कोणी नाही. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले, बाहेरून साहेब "आटपा बाई" म्हणाले. म्हटलं, आटपत नाही, जा. मनातच म्हटलं, पण म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी होते आणि मी काय करतेय हे कोणाला दिसत नव्हतं, आणि त्यात चोरी नव्हती. हे गुप्त आणि आमच्या घरातलं गुपचूप यांचं काही नातं असेल असं मला वाटत नाही. एकात मी माझं झाकते, माझ्या मर्जीने. दुसऱ्यात माझ्या तोंडाने त्याचं झाकलं जातं.

मी काय शिक्का मारला? ते नाही सांगणार. तुम्हाला कळलंय असं वाटत असेल तर वाटू द्या. मीठ खाल्लंय मी.

संध्याकाळच्या आत मोजणी झाली. आडवी जिंकली, अगदी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी. शाळेच्या पटांगणात बायांनी फुगड्या घातल्या, साहेबांच्या खुर्चीलाही कोणीतरी हळदकुंकू लावलं. दुकान बंद झालं म्हणजे गावातून दारू गेली असं समजायचं कारण नाही. शेजारच्या गावाहून ती मोटारसायकलच्या डिक्कीतून येते, आजही येते. पण आता ती लपून येते. झाकायची वेळ तिच्यावर आली आहे, एवढं मला पुरे.

दीर त्या दिवशी घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, डोळे लाल. मी भाकरी थापत होते, जाऊ अंगणातल्या टाक्यातून पाणी काढत होती, सासू टीव्हीसमोर बसली होती. त्याने आधी मला विचारलं. मी म्हटलं, "भाऊजी, आन खाल्ली हाय, सांगता येत नाई." जावेला विचारलं. तिनेही तेच सांगितलं, मान वर करून. मग तो आईपुढे जाऊन बसला, तिचा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"तू तरी सांग. आपल्या लेकाच्या डोक्यावर हात ठिवून सांग."

सासूने हात काढला नाही. उलट त्याच्या केसांवरून एकदा फिरवला. "तुह्या डोक्यावर हात ठिवून सांगते," ती म्हणाली, "सांगनार नाई."

तो ताडकन उठला. आईवर हात टाकायची हिंमत नव्हती, मोठ्या वहिनीवर टाकायची सोय नव्हती. तो थेट अंगणात गेला, जावेची वेणी धरली आणि तिला टाक्याच्या काठावर आपटलं.

माझा नवरा दारातून म्हणाला, "ए, ए, सोड." मी पिठाच्या हातांनी उठले. तेवढ्यात सासू उठली. मला पुढचं सगळं पाठ होतं. आता दार लोटेल, कडी घालेल, टीव्हीचा आवाज वाढवेल. ती टीव्हीकडे गेली आणि तिने तो बंद केला. मग रस्त्याकडच्या दाराशी गेली, कडी काढली, दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या आणि उंबरठ्यावर बसली. बसली ती अशी की आता दार लावायचं तर तिच्या अंगावरून लावावं लागेल.

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बोंबल."

आणि मी बोंबलले. बाप्पा रे, काय बोंबलले! इतक्या वर्षांचं सगळं. "या, या, पाहा! म्हशीनं नाई मारलं तिले, यानं मारलं! भुवई यानं फोडली, दात यानं पाडला, अन् मी खोटं बोलली, मी!" शेजारीण धावत आली, मतदानाला जात नाही म्हणणारी. तिच्यामागे आणखी चौघी. मिस्त्रीची बायको हातातला झाडू तसाच घेऊन आली. कोणी त्याला हात लावला नाही, तशी वेळच आली नाही. पाच-सहा बाया नुसत्या उभ्या राहून पाहत होत्या आणि त्याच्या हातातली वेणी आपोआप सुटली. तो मान खाली घालून मागच्या दाराने निघून गेला.

जावेच्या कपाळाला खोक पडली होती. मी ओढणी बांधली, नवऱ्याला म्हटलं, ऑटो आण. तो निमूट गेला. निघताना सासू अजून उंबरठ्यावरच होती. आम्हाला जायला तिने पाय बाजूला घेतले. या वेळी काय सांगायचं ते तिने सांगितलं नाही.

दवाखान्यात त्याच नर्सबाई होत्या. त्यांनी ओढणी सोडली, जखम पाहिली, मग भुवईवरचा जुन्या टाक्याचा व्रण पाहिला, मग मला पाहिलं. कागद पुढे ओढून थंडपणे विचारलं, "पुन्हा म्हैस?"

जाऊ माझ्याआधी बोलली.

"म्हैस नाई आमच्या घरी," ती म्हणाली. "नवरा हाय. लिहा."